मनाची रोजकीर्द: वही, पेन आणि चपला एवढ्या भांडवलावर

मी तासगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. चार वर्षांपूर्वी मार्चअखेरीच्या धांदलीत एका संध्याकाळी ४५० रुपयांचा फरक निघाला. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे आमच्या धंद्यातलं बाळकडू. ४५० ला नऊने सरळ भाग जातो. पण त्या दिवशी मला ते सुचलंच नाही. साडेआठपर्यंत एकाच पानाकडे बघत बसले. घरी येऊन ‘पित्त झालंय’ म्हणाले आणि न जेवता आडवी झाले. दुसऱ्या दिवशी नवीन लागलेल्या मुलाने दोन मिनिटांत दाखवून दिलं: १,२७० च्या जागी १,७२० लिहिलं होतं. अक्षर माझंच.

पित्त नव्हतंच. दोन-तीन महिने झोप धड नव्हती, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, भाजीला मीठ घातलं की नाही हेही आठवत नव्हतं. आमच्याकडे या सगळ्याला पित्त, बीपी, अशक्तपणा नाहीतर नजर एवढीच नावं आहेत. त्या वर्षात मी जे शिकले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्याला जमेल अशा क्रमाने सांगते. खर्च वहीचा आणि पेनचा.

सुरू करण्याआधी

मन जड आहे, चिडचिड होते, कामात लक्ष नाही, पण दिवस कसाबसा ढकलला जातोय, अशांसाठी हा लेख आहे. जीव नकोसा होणं, स्वतःला इजा करायचे विचार, कानात आवाज येणं, चार-चार रात्री न झोपताही अंगात भलताच जोर असणं, यातलं काही असेल तर वही बाजूला ठेवा. १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. किंवा थेट शेवटच्या भागावर जा. घरातल्या कुणाचं असं चाललं असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि कीटकनाशकाची बाटली, गोळ्यांचा साठा आधी घराबाहेर काढा. द्राक्षबागेच्या मुलखात राहणाऱ्याला हे का सांगावं लागतं ते ठाऊक आहे.

पहिला आठवडा: फक्त नोंद

पतसंस्थेत पहिली शिकवण ही, की जे रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नाही ते झालंच नाही. मनाचं उलटं असतं. सगळं आत साठतं आणि नोंद कुठेच नसते. ‘मला हल्ली कधीच बरं वाटत नाही’ हे वाक्य मीही म्हणत होते, आणि हिशेबाच्या भाषेत ते खोटं होतं.

साधी वही घ्या. वेळ, काय केलं, मन कितीवर होतं, एवढे तीनच रकाने. मनाला शून्य ते दहा गुण द्यायचे. दिवसातून सहा-सात नोंदी पुरतात. या आठवड्यात स्वतःत काहीही सुधारणा करायची नाही, हा नियम कडक पाळा. नाहीतर शाळेच्या दैनंदिनीसारखं छान-छान लिहिलं जातं. माझ्या वहीतला एक रविवार असा आहे:

६.४० उठले, चहा. ४
८.१५ पोहे, सगळ्यांचं आवरलं. ५
१०.३० माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेने घासली. ७
१.३० जेवण. ६
२.१५ फोन घेऊन आडवी. ४
४.०० अजून फोनच. २
५.१० नणंदेचा फोन, दहा मिनिटं. ५
९.३० उद्याचं ऑफिस आठवलं. ३

मला वाटत होतं की माझा सगळा त्रास ऑफिसचा आहे आणि रविवारची दुपार म्हणजे विश्रांती. वही म्हणत होती की आठवड्यातला सगळ्यात खालचा आकडा रविवारी चारला, अंथरुणावर, फोन हातात असताना. आणि सगळ्यात वरचा आकडा ज्याला मी ‘कटकट’ म्हणायचे त्या भांडी घासण्याला. तुमचे आकडे वेगळेच येतील. म्हणूनच माझा उपाय तुम्हाला जसाच्या तसा लागू करू नका. आधी आठवडाभर लिहा.

एक सूचना: वही कपाटात, साड्यांच्या खाली किंवा जिथे कुणी हात घालत नाही तिथे ठेवा. कुणीतरी वाचेल या धास्तीने माणूस खरं लिहीत नाही.

दुसरा आठवडा: मन लागायची वाट बघू नका

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. आपण समजतो, आधी बरं वाटेल, मग मी काम करेन. उदासीत ही गाडी उलटी धावते. बरं वाटत नाही म्हणून माणूस चालणं, भजनाला जाणं, शेजारी जाऊन बसणं सोडतो. ते सोडलं की दिवसात चांगलं वाटायला काही उरत नाही. मग आणखी खचतो आणि आणखी सोडतो. हे चक्र हातातल्या कामाच्या टोकाकडून तोडता येतं, मनाच्या टोकाकडून नाही.

हे माझ्या पदरचं नाही. गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. त्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक साधी पद्धत वापरून पाहिली. समुपदेशक म्हणून डॉक्टर नव्हे, तर थोडं प्रशिक्षण घेतलेली स्थानिक, साधी माणसं. सहा ते आठ भेटी. त्यांत भर याच गोष्टीवर: सुटलेली कामं छोट्या तुकड्यांनी परत धरायची. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्यांनाही त्याने फरक पडला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. महागडी खोली नाही, सोफा नाही, मंद दिवे नाहीत.

करायचं असं. वहीतून ज्या दोन-तीन कामांपुढे मोठा आकडा आहे ती निवडा. एखादं आवडीचं असू दे, एखादं नुसतं ‘उरकलं बुवा’ असं समाधान देणारं. मग ते कामावर नेमून द्यावं तसं नेमा. ‘उद्यापासून चालायला जाणार’ हा ठराव झाला, त्याला काही अर्थ नाही. ‘सकाळी दूध तापवून झालं की चपला घालायच्या, शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या, परत’ ही नेमणूक झाली. कशानंतर, कुठे, किती, हे तिन्ही ठरलेलं हवं.

काम इतकं छोटं ठेवा की घरच्यांनी हसावं. माझी सुरुवात गेटपर्यंत जाऊन परत येण्याने झाली. जमलं नाही तर स्वतःला बोल लावण्याऐवजी काम निम्मं करा. आणि केल्यावर आकडा लिहा. करण्याआधी दोन असलेला आकडा नंतर तीन झाला तरी तो नफाच, आमच्याकडे पन्नास पैशांचाही हिशेब लागतो.

चालण्याबद्दल एवढंच सांगते की जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणं त्यात येतं. पण हा आकडा पहिल्या महिन्यात डोक्यात ठेवू नका, घाबरून जाल. जिमची फी तर भरूच नका. भरलेल्या फीची टोचणी हा एक नवीन ताण होतो.

झोप

यात फार नवीन काही नाही, पण पाळलं तर उपयोग लगेच दिसतो. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. रविवारीसुद्धा. चहातलं आणि कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा चारनंतरचा चहा बंद. आमच्याकडे पाहुणा आला की चहा चुकत नाही, मी कपात गरम पाणी आणि गवती चहाची पात घेते, कुणी विचारत नाही. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात ठेवा. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, मेथी निवडा. डोळे जड झाले की परत अंथरुणावर.

झोपेसाठी दारूचा घोट घेणारे खूप आहेत. डोळा लवकर लागतो हे खरं, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते आणि सकाळी मन अजून खाली असतं. ते पिणं रोजचं झालं असेल तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

काळजीला वेळ द्या, आणि ‘च’ शोधा

काळजी करू नको, असं सांगणाऱ्याने कधी काळजी केलेली नसते. मी काळजीला वेळ नेमून दिली: संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा. दिवसभरात डोक्यात काही आलं की वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायची आणि ‘साडेपाचला’ म्हणून पुढे जायचं. साडेपाचला त्या ओळी वाचायच्या. निम्म्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांपैकी ज्यावर आपण काही करू शकतो त्यापुढे एक कृती लिहायची, बाकीच्यांपुढे रेघ.

आता गंमत ऐका. ही पानं महिनाभर साठल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या काळज्यांत एक अक्षर सारखं येतंय. ‘फरक आजच सापडायला हवा.’ ‘मुलाला नव्वदच्या वर मिळायलाच पाहिजेत.’ ‘सासूबाईंना राग येणारच.’ ‘माझ्याच वाट्याला का.’ तो ‘च’.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात आणि कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचा गाभा असा: घटनेमुळे आपण जेवढे कोलमडतो त्यापेक्षा जास्त त्या घटनेबद्दलच्या आपल्या हट्टामुळे. ‘असं व्हावं’ ही इच्छा. ‘असंच व्हायला पाहिजे, नाहीतर संपलं’ हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, हट्ट मोडला तर माणूस मोडतो. इंग्रजीत हे समजवायला त्यांना बरंच बोलावं लागत असेल. आपल्याकडे हट्ट एका अक्षरात मावतो, शिवाय तो शब्दाच्या शेवटी उघडा बसलेला असतो.

म्हणून लाल पेन घ्या आणि मागच्या पानावरच्या ‘च’भोवती गोल करा. मग तेच वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहा. ‘फरक आज सापडला तर बरं. नाही सापडला तर तात्पुरता फरक खात्यात टाकू, उद्या बघू.’ असं खातं असतंच पतसंस्थेत, सगळ्यांना माहीत असतं, मला त्या दिवशी आठवलं नव्हतं. वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचा. पहिल्यांदा खोटं वाटतं. वाटू द्या. पाच-सहा वेळा झाल्यावर ऐन वेळी तोंडातून निघणारा ‘च’ कानाला खटकायला लागतो.

सगळेच ‘च’ काढायचे नसतात. ‘नवऱ्याने हात उचलायचाच नाही’ यातला ‘च’ राहू द्या, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन लक्षात ठेवा.

छातीत धडधडलं तर

चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा लांब, एवढंच महत्त्वाचं. पाच मिनिटं. काउंटरवर पैसे मोजत असल्यासारखं दाखवून हे करता येतं, मी करते. यासाठी वर्षाची वर्गणी घेणारी ॲप आहेत. नकोत.

एक माणूस

सगळ्यांना सांगायचं नाही, एकाला सांगायचं. निवडताना जवळचं नातं बघू नका, पोटात ठेवतं का ते बघा. माझी बहीण जीव लावते, पण तिच्या कानात गेलेलं संध्याकाळपर्यंत कवठेमहांकाळला पोचतं. मी बचत गटातल्या एका मैत्रिणीला निवडलं.

बोलण्याची सुरुवात अवघड जाते, म्हणून वाक्य तयार ठेवा. मी म्हटलं, ‘मला काही दिवस बरं वाटत नाहीये. सल्ला नको, दहा मिनिटं नुसतं ऐकशील का?’ हे न म्हणता सुरू केलं असतं तर तिने तिसऱ्या मिनिटाला गुरुवारचे उपास सांगितले असते. तिने ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, ‘उद्या सकाळी फेरीला मी येऊ का?’ तेव्हापासून मैदानाच्या दोन फेऱ्यांच्या पाच झाल्या, कारण ती दारात येऊन उभी राहते.

ऐकणाऱ्याची बाजूही शिकण्यासारखी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना हे शिकवलं गेलं. खचलेला माणूस ओळखायचा, त्याचं ऐकायचं, छोटी कामं परत धरायला हात द्यायचा आणि जास्त असेल तर दवाखान्यापर्यंत न्यायचं. ‘मन खंबीर ठेव’ न म्हणता बसून राहणं, हे खरंच शिकावं लागतं.

जे मनाचं नाहीच

काउंटरच्या या बाजूला बसून एक गोष्ट ठामपणे सांगते. निम्म्या लोकांची झोप कर्जाने उडालेली असते, आणि त्यावर श्वासाचा व्यायाम सांगणं ही थट्टा आहे. द्राक्षबागेच्या छाटणीचा खर्च झाला, मणी धरायच्या वेळी पाऊस पडला, हप्ता थकला, की माणूस संस्थेचा रस्ता टाळतो, फोन उचलत नाही. असं करू नका. नोटीस निघायच्या आधी या. हप्ते वाढवून घेणं, तारीख बदलणं, थोडी रक्कम भरून खातं जिवंत ठेवणं, यातलं काहीतरी बसून बोलल्यावर निघतं. थकबाकीदाराला बघून आम्हाला आनंद होत नसतो, पण समोर येऊन बोलणाऱ्याबद्दल वेगळं वाटतं हे खरं. सावकाराकडून हप्ता भरायला पैसे काढू नका. आणि ज्या दिवशी येणार त्या दिवसाची वहीत नोंद करा. मला खात्री आहे, यायच्या आधीचा आकडा आणि गेल्यानंतरचा आकडा वेगळा असेल.

वही पुरत नाही तेव्हा

दोन आठवडे सलग, बहुतेक सगळा दिवस, आकडा तीनच्या वर जात नसेल, भूक किंवा झोप बिघडली असेल, कामं अडत असतील, तर डॉक्टर. हा पराभव नाही, ताप तीन दिवस उतरला नाही की आपण जातोच ना. देशातल्या बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण दहापैकी एका प्रौढाला त्या वेळी मानसिक आजार असल्याचं दिसलं होतं, आणि त्यातले बहुतेक उपचाराविना होते. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तुम्ही एकटे नसाल.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, पण तिथलेही दर किरकोळ असतात. ‘येरवड्याला पाठवतील’ ही भीती काढून टाका. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहे, गोव्यात बांबोळीला आहे. माणसं गोळ्या घेऊन दुपारच्या एसटीने घरी परततात.

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध लिहू शकतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलून उपचार करतो, औषध देत नाही. मी गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो. वही त्यांच्यापुढे ठेवली. ‘कधीपासून?’ या प्रश्नाला मी एरवी ‘झाले की बरेच दिवस’ म्हणाले असते, तारखा दाखवता आल्या. केसपेपरच्या रांगेत दोन तास गेले आणि डॉक्टरांकडे सात मिनिटं, म्हणून विचारायचं ते आधीच लिहून नेणं बरं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आधी थोडं मळमळतं, तोंड कोरडं पडतं. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर तर बिलकूल नाही. त्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या गोळ्यांचं मात्र वेगळं. त्या मेडिकलवाल्याकडून ओळखीने आणून महिनोन्‌महिने घेऊ नका.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसीचा कागद काढून वाचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं. सरकारी दवाखान्यात त्याची गरज पडत नाही.

माझी गोळी दहा महिन्यांनी बंद झाली. वही चालू आहे, चौथी. आता रोज लिहीत नाही, आकडा चारच्या खाली घुटमळायला लागला की काढते. गेल्या महिन्यात सासूबाईंनी विचारलं, ‘तू रात्री काय लिहितेस गं, हिशेब?’ हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांच्यासाठी एक वही आणली, मोठ्या रेघांची, त्यांना बारीक दिसत नाही. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलंय: सकाळी तुळशीला पाणी, ८. सुनेने विचारलं जेवलात का, ९. टीव्ही, २.